तो मळ नव्हता

दिवाळीच्या सुटीत चांदूर बाजारजवळच्या आमच्या मळ्यात मी मुळे धूत बसलो होतो. आमचं माळवं, म्हणजे भाजीपाला, अमरावतीला नेणारा गाडीवान परत आला आणि बैल सोडता सोडता म्हणाला, "नामदेव, तुमचे ते गोटेवाले मास्तर गेले ना बापा. परवा." मी हातातला मुळा धूतच राहिलो... कितीतरी वेळ.

पाठक सर आम्हांला अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. दगड झालेली खोडं आणि पानं ते गोळा करत, म्हणून सगळे त्यांना गोटेवाले म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वडील काय करतात?" वर्गात वकिलांची आणि मास्तरांची मुलं होती. मी "शेती" एवढंच पुटपुटलो. "शेतीत काय?" "माळवं... आणि झेंडू, शेवंती." सर एकदम खूश झाले. "मग सोमवारी येताना फुलं आण, ताजी." मी आणली, तेव्हा त्यांनी शेवंतीचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला लावलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा एकेक कण काटेरी चेंडूसारखा दिसला. सर म्हणाले, "झाड कुजून जातं, पण असे कण तळ्याच्या गाळात राहतात. गाळाचा दगड झाला तरी राहतात. त्यांवरून सांगता येतं, इथं काय उगवत होतं, पाऊस किती पडत होता." आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. आईची फुलं कुणी इतक्या आदरानं पाहिलेली मी तोवर पाहिली नव्हती.

त्याच धिटाईत मी त्यांना आमच्या विहिरीवरच्या देवाबद्दल सांगितलं. सातपुड्यातून येणाऱ्या नाल्यात माझ्या आज्याला एक गोल दगड सापडला होता. त्याला शेंदूर लावून विहिरीच्या काठावर बसवला होता. शेंदूर नसलेल्या बुडाशी त्यावर बारीक ठिपके होते, शिंदीचं खोड आडवं कापल्यावर दिसतात तसे. पुढच्याच रविवारी सर मळ्यात हजर. पालथे पडून भिंग लावून पाहिलं, उठले तेव्हा धोतर चिखलानं भरलं होतं. ते म्हणाले, "लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात या मुलखात कुठंतरी तळं असावं, काठाला ताडाच्या जातीची झाडं असावीत. जिथं आज पाण्यासाठी मोट चालवावी लागते. पण पातळ चकती काढून आतली रचना पाहिल्याशिवाय हे सगळं अंदाजच."

"देवाले करवत लावता काय, मास्तर?" बा म्हणाला.

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही," सर म्हणाले, आणि खरंच पुन्हा विषय काढला नाही. दोन महिन्यांनी बा स्वतःच अमरावतीला आला. फडक्यात बोटभर जाडीचा तुकडा होता, पाथरवटाकडून काढून घेतलेला. "म्या नारळ फोडून देवाले इचारलं. त्यानं नाई म्हटलं नाई. पण खालून काढला, तोंडाकून नाई."

सरांचे हात तेव्हा वयानं थरथरायला लागले होते. त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. महायुद्धामुळे घासायची विलायती पूड मिळत नव्हती. आम्ही कुरुंदाच्या दगडाची पूड कापडानं चाळून जाड काचेवर पसरली, तुकड्याची पातळ चकती राळेनं छोट्या काचेला चिकटवली आणि घासायला घेतली. सरांनी सांगितलं होतं, "खालच्या वर्तमानपत्रातली अक्षरं चकतीतून वाचता आली की थांब." ते घरी गेले. मी घासत राहिलो. अक्षरं दिसू लागली, पण चकती भुरकट होती, मातकट. आमच्या घरी मुळा पांढराशुभ्र होईपर्यंत घासतात, मातीचा डाग दिसला तर आई परत धुवायला लावते. मी तो भुरा रंग काढायला निघालो... आणि काच स्वच्छ झाली. तिच्यावर राळेचा ओघळ तेवढा उरला.

सकाळी सरांनी काच उजेडात धरली. मग हळू म्हणाले, "तो मळ नव्हता, नामदेव. तेच झाड होतं."

उरलेला तुकडा चकती काढतानाच तडकून भुगा झाला होता. मी म्हटलं, बाला पुन्हा मागतो. सर म्हणाले, "त्यांनी एकदा दिलं. आता देणं त्यांच्या मनावर." ते रागावले असते तर बरं झालं असतं. दर सुटीत बा विचारायचा, "मंग, काय दिसलं रे?" मी सांगायचो, "पाहून राहिले अजून." वर्ष गेलं. सरांना जे पाहायचं होतं, ते न पाहताच ते गेले.

तेराव्यानंतर मी अमरावतीला सरांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, अकोल्याला भावाकडे निघाल्या होत्या. त्यांनी मला सरांची काचांची लाकडी पेटी दिली. खाचांमध्ये उभ्या लावलेल्या काचा, प्रत्येकीवर चिठ्ठी. शेवटची खाच मोकळी होती, तिच्या अलीकडे ती माझी रिकामी काच. तिच्यावर सरांच्या थरथरत्या अक्षरात: "चांदूरकडचा नाला. दुसरी काच नामदेव घासेल."

त्याच दिवशी मी मळ्यात गेलो आणि बाला सगळं सांगितलं. त्यानं बिडी विझवली. "मंग मले कावून नाई सांगतलं? वरीसभर मास्तराले उपाशी ठेवलं तुनं." मग मोटेकडे पाहत म्हणाला, "घासून घासून धुवाची सवय आमीच लावली तुले." दुसऱ्या दिवशी त्यानं नारळ फोडला आणि पाथरवटाला बोलावलं.

या वेळी अक्षरं दिसताच मी थांबलो. भुरा रंग तसाच ठेवला. बा अमरावतीला आला, टोपी काढून त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ठिपके जागच्या जागी होते, प्रत्येकात बारीक भोकं. "शिंदीचीच जात हाये ही," तो म्हणाला. नेमकी जात ठरवायला अजून पुष्कळ ताडून पाहावं लागेल, हे मला ठाऊक आहे. पण बाचा डोळा बराच वेळ हलला नाही.

नवी काच मी पेटीत शेवटच्या खाचेत लावली. रिकामी तिच्या शेजारीच आहे, चिठ्ठीसकट. ती मी पुसत नाही.