रिप्लेमध्ये हरलेली शर्यत
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की ढोकीचं आमचं घर आठवतं. दादा तुळजापूरला गेला असताना कॉम्प्युटरवरच्या कार रेसमध्ये मी त्याचा विक्रम मोडला आणि रिप्ले जपून ठेवला. तो परतेपर्यंत गेम अपडेट झाला होता. रिप्ले लावला, तर माझी गाडी वळणावर थेट भिंतीला धडकली. गेम चित्र साठवत नाही, फक्त दाबलेली बटणं साठवून तीच पुन्हा चालवतो, आणि अपडेटनंतर गाडीची चालच बदलली होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक! दादा हसला, "व्हय, लई जिंकलीस!" मला रडू फुटलं. ज्वारी निवडत बसलेली आई म्हणाली, "जिंकली ती. म्या इथंच होते." "तुला गेममधलं काय कळतं?" दादानं विचारलं. "गेममधलं न्हाय कळत. पोरीचं तोंड कळतं की." आता माझी लेक शाळेतून आली की मी निकालाआधी तिच्या तोंडाकडं बघते.