मदत कशासाठी हवी?

आमच्या गावातल्या बायकांचा गट शेजारच्या शहरात ताजी भाजी पाठवतो. गटाला मदत द्यायची का, हे ठरवायला एका ट्रस्टचे साहेब आले होते. चटईवर बसत त्यांनी विचारलं, "तुम्हीच सांगा, मदत कशासाठी हवी?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आजवर जो आला, तो काय द्यायचं ते ठरवूनच आला होता. आता चुकीचं बोललो तर मदतच जाईल, ही भीती मला पदराशी चाळा करणाऱ्या बोटांत दिसत होती.

"टेम्पोसाठी," शेवटी कमल म्हणाली.

"टेम्पो कशाला? आधी विहिरीवर मोटर बसवा!" सखूबाई उसळल्या.

आवाज चढले. मी गटाची सचिव. डोळ्यांनी सगळ्यांना गप्प करू पाहत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, तशी मी हातानेही खुणा करू लागले. तरी मनात आलं, देणाऱ्यासमोर असं मोकळेपणी भांडायला आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं.

साहेब उठून दारात गेले. संपलं, असं मला वाटलं.

"गाडी सावलीत लाव रे," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. "यांचं ठरेपर्यंत थांबायचंय."