रिपोर्टाआधीचे ‘नॉर्मल’

वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्वतःविषयी लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे, याची मला जाणीव आहे. एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षे इतरांच्या पत्रांचे मसुदे दुरुस्त करण्यात गेली. स्वतःचे म्हणून एक पानही लिहिले नाही. वाचकांनी माफ करावे. जे कुणाला तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर तरी उतरावे, एवढेच माझे समर्थन.

गोष्ट ‘नॉर्मल’ या शब्दाच्या आधाराने मी केलेल्या एका चुकीची आहे. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. कार्यालयात ज्या टपालाला घाई नसे ते नॉर्मल. शिंपी विचारतो, फिटिंग घट्ट ठेवू की नॉर्मल. हॉटेलात थंड नसलेले पाणी नॉर्मल असते. भाचीची प्रसूती नॉर्मल झाली म्हणून पेढे आले होते. आमच्या इमारतीतल्या एका अबोल मुलीबद्दल मात्र बायका हलक्या आवाजात म्हणतात, “ती जरा नॉर्मल नाही,” आणि ते कानावर पडले की तिची आई जिना भराभर चढते. मला स्वतःला कुणी ‘कसे आहात’ विचारले की माझे उत्तर ठरलेले असते: नॉर्मल. भिडस्त माणसाला हा शब्द फार सोयीचा. त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

गेल्या महिन्यात पत्नीच्या गळ्याशी एक गाठ हाताला लागली. या सोमवारी डॉक्टरांनी सुई घालून तपासणीसाठी नमुना घेतला. रिपोर्ट शनिवारी मिळेल असे सांगितले. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “भूक लागलीय हो. मिसळ खाऊ.” गळ्यावर पट्टी, आणि हिला मिसळ सुचते! गंगापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या ठिकाणी गेलो. वेटरने विचारले, “तिखट देऊ की नॉर्मल?”

“मला तिखट,” ती म्हणाली. “नॉर्मल ह्यांना द्या. घाम आधीच आलाय त्यांना.”

वेटर हसला. मीही हसल्यासारखे केले. ती हात धुवायला उठली आणि नेमका तेव्हाच देवळ्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांचे वय शहात्तर. माझ्याशी बोलताना त्या शहरी मराठी सांभाळून बोलतात. जीव घाबरा झाला की मात्र त्यांच्या तोंडी ‘आहे’ऐवजी अहिराणीतला ‘शे’ येतो.

“जावईबापू, काय शे मग? खरं सांगा.”

“नॉर्मल आहे, आई,” मी म्हणालो. “सगळं नॉर्मल.”

रिपोर्ट आलेला नव्हता हे मला पक्के ठाऊक होते. त्यांचा कापरा आवाज मला ऐकवेना, म्हणून मी जाणूनबुजून खोटे बोललो. शनिवारपर्यंत त्यांना झोप लागावी, एवढाच हेतू होता. पत्नी हात पुसत परत आली तेव्हा फोन खिशात होता. तिला मी काहीच सांगितले नाही.

काल, गुरुवारी, पुन्हा त्यांचा फोन आला. आवाज दमलेला, पण मोकळा होता.

“देवीच्या गडावर जाऊन आले, जावईबापू. नवस बोलले होते. पोरीचा रिपोर्ट चांगला आला की पायऱ्या चढून ओटी भरेन म्हणून.”

“आई, तुमचे गुडघे! वर जायला आता ट्रॉली आहे ना?”

“ट्रॉलीत बसून नवस फिटतो का? बसत-उठत गेले. शेजारीण म्हणत होती, म्हातारे, तुला वरच ठेवून येते.” त्या खळखळून हसल्या. मग गंभीर झाल्या. “देवीला सांगितलं, तू दिलंस, मी फेडलं. आता त्याच गोष्टीसाठी परत तुझ्या दारात मागायला यायची नाही.”

मी “हो” म्हणालो.

मी स्वतः नवस-सायास करणारा माणूस नाही. तरीही ते वाक्य कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही. अजून न मिळालेल्या गोष्टीची परतफेड त्या दुखऱ्या गुडघ्यांनी झाली. रिपोर्ट वाईट निघाला तर मुलीसाठी देवीपुढे पुन्हा पदर पसरण्याची वाटही मी त्यांची बंद केली आहे, निदान त्यांच्या लेखी. चांगला निघाला तर खोटे उघड झाले तरी कुणाचे काही बिघडणार नाही. पण चांगला निघेल असे मनाशी म्हणण्याचाही मला आता धीर होत नाही.

आज शुक्रवार. स्वयंपाकघरात पत्नी भाजी निवडत बसली आहे. मधूनच तिचा हात गळ्याकडे जातो आणि मी पाहतो आहे हे लक्षात आले की खाली येतो. उद्या सकाळच्या एसटीने सासूबाई गडावरचा प्रसाद घेऊन देवळ्याहून निघणार आहेत. त्या दारात येतील तेव्हा आम्ही दोघे रिपोर्ट आणायला निघण्याच्या तयारीत असू, आणि कुठे निघालात, असे त्या विचारतीलच.

फोन समोर आहे. दोनदा नंबर काढला, दोनदा फोन खाली ठेवला. त्या एसटीत बसण्याआधी मी त्यांना खरे सांगावे, की दारात काही सबब सांगून रिपोर्ट हातात येईपर्यंत गप्प राहावे? तुम्ही काय केले असते?