एकतीस जोड्यांची यादी

मी प्रोग्रॅमिंग शिकले ते वहीवर. बी.एस्सी.साठी अमरावतीला होते. कॉलेजात कम्प्युटरचा तास आठवड्यातून एकदा, तोही एका मशीनवर दोघी. माझी जोडीदारीण माउस सोडायची नाही आणि मला कीबोर्ड सापडायचा नाही. म्हणून सी भाषेचं एक जुनं पुस्तक घेतलं आणि होस्टेलच्या खाटेवर बसून पानंच्या पानं प्रोग्रॅम लिहायला लागले. लिहून झालं की पेन्सिलीनं मीच तो चालवायची. एकदा चुकून न थांबणारं लूप लिहिलं आणि मेस बंद होईपर्यंत प्रामाणिकपणे ते चालवत बसले.

दर शनिवारी एसटीनं अकोल्याला घरी यायची. आमचं घर जठारपेठेत. कोपऱ्यावर एका चाचांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा, सगळं तिथं व्हायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चाचा मला कम्प्युटरवर बसू द्यायचे. त्यांची अट एकच होती, काय चाललंय ते त्यांना सांगायचं.

माझा पहिला खराखुरा चाललेला प्रोग्रॅम पडद्यावर चांदण्यांचा त्रिकोण काढायचा. मी बाबांना हाताला धरून दाखवायला नेलं. बाबा शाळेत प्रयोगशाळा सहायक, यंत्रांबद्दल आदर बाळगणारे. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा चांदण्या काढाले कम्प्युटर काहून पाह्यजे व?"

चाचा म्हणाले, "भाऊ, आज चांदण्या काढून रायली, उद्या चंद्र काढन."

बाबांना ते पटलं नाही, पण पुढच्या वेळी ते आपणहून आले आणि "आता काय काढते?" म्हणून मागं उभे राहिले. मी त्यांना जन्मतारीख विचारून वय दिवसांत सांगणारा प्रोग्रॅम दाखवला. तो चाचांना एवढा आवडला की झेरॉक्सला येणाऱ्या प्रत्येकाचं वय दिवसांत सांगितल्याशिवाय ते कागद हातात देईनात. एक आजोबा आकडा ऐकून स्टुलावर बसले. म्हणाले, "इतके दिवस जगलो मी? करलं काय मंग?"

हे सगळं चालू असतानाच एका शनिवारी माझे मोठे काका दर्यापूरहून आले, आणि तिथंच घोळाला सुरुवात झाली.

त्या वर्षांत आमच्याकडे सामूहिक लग्नं फार लागायची. कापसाचं काही खरं नव्हतं, मंडप आणि जेवणावळ एकेकट्या घराला झेपत नव्हती. काका आणि त्यांची मित्रमंडळी दर्यापुरात अशा लग्नांची खटपट करायची. त्या साली एकतीस जोडपी ठरली होती. काकांनी पिशवीतून नावांचे कागद काढले. कोणी वहीच्या पानावर लिहिलेलं, कोणी पाकिटाच्या मागं.

"हे नीट लावून देशीन काय? नंबर टाकून? मागच्या साली लय गोंधळ झाला."

"काका, दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी त्यानंतर आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही.

मी प्रोग्रॅम लिहिला. नवरदेवांची एक रांग, नवरींची दुसरी. पहिल्याची जोडीदारीण पहिली, दुसऱ्याची दुसरी. प्रोग्रॅमनं नवरदेवांची नावं अकारविल्हे लावायची आणि नंबर टाकून यादी छापायची. तीन जोड्या घालून तपासलं, बरोबर आलं. मग सगळी नावं इंग्रजी अक्षरांत भरली, बटण दाबलं आणि प्रिंटर कुरकुरत चालू झाला. चाचांनी यादी मूळ कागदांशी ताडून पाहिली. बोट ठेवून ठेवून म्हणाले, "नवरदेव एकतीस, पूरे. नवऱ्या एकतीस, पूऱ्या. एकही गायब नाही. शाब्बास, बेटा!"

काका यादी घेऊन गेले. मूळ कागद दुकानाच्या खणात राहिले.

लग्नाच्या दिवशी मी, बाबा आणि चाचा सकाळीच दर्यापूरला पोचलो. चाचांनी पांढराशुभ्र कुर्ता घातला होता आणि भेटेल त्याला, "यादी पाहिली का? आमच्याइथं निंगाली," असं सांगत होते. मंडपाच्या एका दारावर नवरदेवांना यादीतल्या नंबरांचे बिल्ले लावले जात होते, दुसऱ्या दारावर नवरींना. काका मला दहा जणांपुढं घेऊन गेले. "आमची पुतणी. कम्प्युटरवाली." मी मान खाली घालून उभी राहिले. आतून मात्र मी दोन वीत वाढले होते.

मुहूर्त जवळ आला. एकतीस पाट मांडलेले, प्रत्येकासमोर एकेक अंतरपाट. निवृत्त हेडमास्तर माईकवर होते. ते नंबर पुकारत गेले आणि नवऱ्या आपापल्या नंबरासमोर उभ्या राहत गेल्या. मधे पडदा, कोणालाच समोरचं दिसेना. सगळं इतकं शिस्तीत चाललं होतं की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बारा नंबरची नवरी मोठ्यानं म्हणाली, "मामा, माह्यावाला एवढा उंच नाई."

अंतरपाटाच्या वर वीतभर फेटा दिसत होता.

"अवं, फेट्यानं दिसते तसा," तिचा मामा म्हणाला.

"फेट्यानं डोळे बी वर येतेत काय? मले त्याचे डोळे दिसून रायले!"

मामानं पडदा बाजूला केला. पलीकडं भलताच नवरदेव, आणि तोही घाबरलेला. मग शेजारचा पडदा सरकला, मग त्याच्या शेजारचा. "हे आमची नोहे!" "आमची सोयरीक मोर्शीची हाये, हे कुठली?" मंडपभर एकच कल्ला. सात नंबरचा नवरदेव पडदा सरकल्यावर थोडा वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आमाले चालते." त्याच्या आईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बाशिंग तिरपं झालं.

मी पाटांमधून धावत हेडमास्तरांच्या हातातल्या यादीपाशी गेले. ती वरपासून खालपर्यंत वाचली. नवरदेव अकारविल्हे लागले होते. नवऱ्या होत्या तिथंच होत्या. नवरदेवाची जागा बदलली की नवरीचीही बदलायची, हे मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं. तपासायला घातलेल्या तीन जोड्या आधीच अकारविल्हे होत्या, म्हणून चूक दिसली नव्हती.

"कागद कुठं हायेत?" काकांनी विचारलं.

चाचांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून दाखवली. "अकोल्याले."

काकांनी माईक ओढून घेतला. "आपापला माणूस ओळखून घ्या!" यासारखी वाईट सूचना दुसरी नव्हती. एकतीस वऱ्हाडं एकाच वेळी उठली. करवल्या हरवल्या, अक्षता सांडल्या. गुरुजी घड्याळ दाखवत ओरडायला लागले.

शेवटी मीच सगळ्या नवरींना मंडपामागच्या खोलीत नेलं, वही उघडली आणि पहिलीला विचारलं, "नवरदेवाचं नाव सांग."

ती लाजली. खाली बघून हसली.

"अगं, सांग ना. मुहूर्त चाललाय."

"असं कसं नाव घेऊ? उखाना पाह्यजे."

"लग्न कुठं झालंय अजून?"

"होतच हाये ना!" मागून पाचसहा जणी एकदम म्हणाल्या.

वाद घालायला वेळ नव्हता. म्हटलं, घ्या उखाणे. आणि त्यांनी घेतले. एकीनं "पऱ्हाटीले बोंडं, तुरीले शेंगा" असं सुरू करून नाव घेतलं. दुसरीनं बोंडअळी घातली आणि सगळ्या हसून हसून भिंतीला टेकल्या. एक नुसतीच रडत होती, तिच्या नवरदेवाचं नाव तिच्या मैत्रिणीनं घेतलं. बारा नंबरची म्हणाली, "लिव, बुटका. तेवढ्यानं सापडन." मी उखाणे ऐकत नावं लिहीत होते, चाचा दारात उभे राहून बाहेर पुकारत होते, आणि बाबा एकेका नवरदेवाला बखोटीला धरून योग्य पाटावर उभं करत होते. प्रयोगशाळेत बाटल्या लावतात तसे.

लग्नं लागली. मुहूर्त टळला तो टळलाच. गुरुजींनी घाईघाईनं दुसरा शोधला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला असल्याचं जाहीर केलं. जेवताना काका माझ्या पंगतीला बसले नाहीत. मी पानातल्या जिलबीचे नुसते तुकडे करत बसले. बारा नंबरची नवरी तिच्या बुटक्या नवऱ्यासोबत पंगतीत आली, माझ्या पानात आणखी एक जिलबी टाकून म्हणाली, "खा व. कोनाचं लग्न कोनाले आठवत नाई, आमचं आठवन."

त्या आठवड्यात मी कॉलेजला गेलेच नाही. चार दिवस घरात तोंड लपवून बसले. पाचव्या दिवशी बाबाच म्हणाले, "चाल, पाहू काय चुकलं ते." दुपारी दुकानात बसून मी नवरींच्या अदलाबदलीच्या तीन ओळी घातल्या. खणातले कागद चाचा वाचत गेले, बाबा पडद्यावर ताडत गेले. एकतीसच्या एकतीस बरोबर.

खरं सांगते, त्या क्षणी मला विलक्षण आनंद झाला. एवढ्या लोकांची फजिती करून आनंद व्हावा याची लाजही वाटली, पण आनंद काही कमी होईना. लग्नं लागून गेली होती, त्या यादीचा आता कोणालाच उपयोग नव्हता. तरी मी चाचांना प्रिंटर चालू करायला सांगितला आणि ती छापून घेतली.