मोजणीत एक माणूस जास्त

माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य माझं नाही, पप्पांचं आहे. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. पप्पा फर्स्ट शिफ्ट संपवून घरी आले, हातपाय धुतले, आणि आईने चहा पुढे ठेवला तेव्हा म्हणाले, "आज ड्रिलला मोजणीत एक माणूस जास्त आला."

बोईसरमध्ये वाढलेल्यांना ड्रिल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. रसायनांच्या कारखान्यात अधूनमधून सरावाचा भोंगा वाजवतात. गॅस सुटला आहे असं धरून सगळ्यांनी हातातलं काम सोडायचं, छपरावरच्या कापडी नळीवरून वारा कुठून येतोय ते बघायचं, आणि गेटजवळच्या ठरलेल्या जागी आपापल्या खात्याच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. मग प्रत्येक सुपरवायझर आपली माणसं मोजतो. पप्पा सुपरवायझर होते. माणूस कमी भरला तर मास्क लावलेली माणसं त्याला शोधायला आत जातात. जास्त भरला तर काय करायचं, हे कोणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

आईने "खारी देऊ का?" असं विचारलं आणि विषय तिथेच संपला. पप्पा मूळचे कराडकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. कंपनीतलं घरी बोलायचं नाही असा त्यांचा नियमच होता, त्यामुळे त्यांनी एवढं सांगितलं हेच खूप झालं. मी पुढे काही विचारलं नाही. विचारणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर मला ती गोष्ट अर्धी राहिलेलीच आवडली होती. रात्री पांघरुणात मी ती रांग डोळ्यांसमोर आणायचे. सगळे चेहरे ओळखीचे, प्रत्येकाचं नाव ठाऊक, तरीही एक जास्त. मग तो कोणता?

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, परग्रहावरचे लोक, जे काही वाचलं ते इंग्रजीत. त्यामुळे "मराठीत का लिहिलंस?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि तो विचारणारे बहुतेक वेळा कौतुकाच्या तयारीत असतात. माझं उत्तर साधं आहे. ते वाक्य मराठीत होतं, म्हणून कादंबरी मराठीत झाली.

कादंबरी मी पालघरला लिहिली. तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी असते, दुपारी मात्र काचेच्या दारावर माशी बसली तरी कळावं इतकी शांतता. त्या शांततेत मी लिहायचे. न बोलणाऱ्या माणसासाठी ही जागा फार सोयीची आहे. रिपोर्टची वाट बघणारे लोक काउंटरपलीकडच्या मुलीला खुर्चीसारखंच समजतात आणि तिच्यासमोर वाटेल ते बोलतात. नवऱ्याची साखर वाढली म्हणून खूश झालेली बाई मी पाहिली आहे. "आता तरी ऐकेल," असं ती शेजारणीला म्हणाली. ती बाई माझ्या सातव्या प्रकरणात आहे.

कादंबरीतलं गाव खोटं आहे. मुरब्याची खाडी, घिवलीचा किनारा आणि पालघरजवळच्या माहीमच्या वाड्या असं सगळं एकत्र करून मी ते उभं केलं. रविवारी स्कूटर घेऊन मी या गावांत फिरायचे. कोणत्या घरांच्या खिडक्या समुद्राकडे उघडतात, बोंबील वाळत असताना राखणीला कोण बसतं, असलं काहीबाही बघायचे. घरी सांगायचे, मैत्रिणीकडे जातेय. मला एवढ्या मैत्रिणी नाहीत हे आईला ठाऊक होतं, पण तिनेही कधी विचारलं नाही. आमच्या घरात हे सगळ्यांनाच जमतं.

गोष्ट अशी. गावाजवळच्या कारखान्याच्या ड्रिलसाठी सगळ्या गावाला शाळेच्या पटांगणात आणतात. आरोग्यसेविका घराघराप्रमाणे माणसं मोजते आणि एक माणूस जास्त भरतो. पुन्हा मोजते, तरी जास्त. जो तो ओळखीचा आहे. प्रत्येकाच्या लग्नात, भांडणात, आजारपणात कोणी ना कोणी हजर होतं. म्हणजे यांतल्या कोणा एकाबद्दलच्या सगळ्या आठवणीच खोट्या आहेत. आरोग्यसेविका तो कोण ते शोधू लागते, हे झालं रहस्य. समुद्रातून असं काहीतरी आलं आहे की ते माणसांच्या मनातली रिकामी जागा ओळखतं आणि तिथे बसेल असा माणूस बनतं, हे विज्ञान. आणि आपल्याच घरात जेवायला बसलेल्यांची ताटं मोजायची भीती वाटू लागते, हे बाकीचं.

तो जास्तीचा माणूस म्हणजे जाळी दुरुस्त करणारा एक म्हातारा. मी लिहिलेल्या शेवटात आरोग्यसेविकेला ते कळतं, पण ती कोणालाच सांगत नाही. "माझीच मोजणी चुकली," म्हणते आणि घरी जाते.

हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशनाकडे गेलं आणि तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. आवाज निवृत्त मुख्याध्यापिकेचा, बोलणं गरम तव्यावरचं.

"मुली, तू एका कढईत तीन भाज्या केल्यास. भीती, विज्ञान आणि तपास. बरं, केल्यास तर केल्यास, शिजल्या आहेत. पण शेवट? वाचक तीनशे पानं तुझ्या बाईमागे धावला, आणि ती त्याला दारातच उभं करून आत निघून जाते?"

"हो," मी म्हटलं.

"हो काय? तिने नाव घ्यायला हवं. सगळ्यांसमोर. आणि मग गावाने त्याला हाकलून लावायला हवं. तो परत समुद्रात जायला हवा. मगच गोष्ट मिटते. हे करशील तर यंदा पुस्तक काढू. नाहीतर मला अवघड आहे."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी कशाला तरी होकार दिला आहे.

नवा शेवट लिहायला वेळ लागला नाही, आणि तो वाईटही झाला नाही. आरोग्यसेविका बोट दाखवते, गाव काठ्या घेऊन किनाऱ्यावर येतं, म्हातारा पाण्यात शिरतो आणि विरघळतो. वाक्यं नीट होती, वेग होता. पण ते छापलं गेलं तर पुस्तक माझं राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. न पाठवावं, तर पुस्तकच नाही. नाही म्हणायला माझ्याकडे एक कारण हवं होतं आणि "मला आवडलं नाही" यापलीकडे काही सापडत नव्हतं.

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कोणाला तरी वाचून दाखवलं. ऐकायला आई होती, आणि दारात मुरब्याहून येणारी मासेवाली मावशी. ती मी शाळेत जायच्या आधीपासून आमच्या जिन्यावर पाटी उतरवते. तिच्यासमोर वाचायचं माझ्या मनात नव्हतं, पण आई कोलंबी सोलायला दाराशीच बसली होती.

"ही बोलते पण?" मावशी आईला म्हणाली. "मला वाटलं तुमी हिला टीवीवरून आणली. चित्र हाय, आवाज नाय."

"वाचू दे गं तिला," आई म्हणाली.

मी आधी गोष्ट थोडक्यात सांगितली आणि शेवटाच्या जरा अलीकडून वाचायला लागले. आरोग्यसेविका नाव घेणार, तिथे थांबले.

"ती नवी सून," आई लगेच म्हणाली. "किती गोड बोलते. मला पहिल्यापासून संशय होता."

"सून कशाला? तो डाक्टर," मावशी म्हणाली. "म्हावरं घेतो नि भाव करत नाय. असा माणूस असतो काय?"

"डॉक्टरला काय कमी आहे, तो कशाला भाव करेल?"

"बाय, पैशासाठी नाय करत कोन. बोलन्यासाठी करतात."

मी पुढे वाचलं. जास्तीचा माणूस तो जाळीवाला म्हातारा निघाल्यावर दोघींचे चेहरे पडले. मी शेवटपर्यंत गेले. काठ्या, किनारा, पाणी. आईच्या हातातली कोलंबी तशीच होती.

"मेला काय तो?" मावशीने विचारलं.

"विरघळला."

"त्याने कोनाचं काय केलेलं?"

"काही नाही."

"मग?"

तेवढ्यात आतून पप्पांचा आवाज आला. ते पेपर वाचत होते असा आमचा समज होता.

"तसं नव्हतं झालं," ते म्हणाले.

पप्पा बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकले. मावशीने पदर सारखा केला.

"कसं नव्हतं झालं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तो जास्तीचा माणूस. आपल्याच खात्यातला होता. म्हणजे आधी होता. पुष्कळ वर्षं केली त्यानं आपल्याकडं, मग भिंतीपलीकडच्या कंपनीत लागला. आता प्रत्येक कंपनीचा भोंगा वेगळा असतो, त्याचा कान आपल्याच भोंग्याला बसलेला. आपला वाजला, आणि ह्यानं तिकडं हातातलं काम टाकलं आणि आला की चालत. गेटवरचा वॉचमन जुना. त्यानं तोंड बघितलं आणि सोडला आत."

"आणि रांगेत उभा राहिला?"

"त्याच्या जागेवर. मागून तिसरा. मी दोनदा मोजलं, जास्तच. मग बघतो तर सगळे निळ्या कपड्यात आणि हा एक राखाडी. आणि गंमत सांगू का, त्याच्या पुढच्या-मागच्याला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. तो त्याच्या जागेवरच होता ना."

"मग काय केलंत?"

"काय करणार? मी म्हटलं, काय रे, तू इथं कसा? तो कपड्याकडं बघायला लागला. म्हणाला, साहेब, पाय इकडंच वळले. सगळी रांग हसली. तोपण हसला. ड्रिल झालं की वडापाव देतात, माणशी एक. त्याचा नव्हता, म्हणून मी माझा दिला. खाल्ला आणि गेला. तिकडं त्याला शोधत होते."

आई पप्पांकडे बघत राहिली. "हे तुम्ही तेव्हा सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं कुठं? तू म्हणालीस, खारी देऊ का."

मावशी हसता हसता पाटीला टेकली. आईने तिला आणखी एक वाटा काढायला सांगितला. मी तोवर आत जाऊन लॅपटॉप उघडला होता.

मला कारण सापडलं होतं. संपादकबाई निम्म्या बरोबर होत्या. नाव घ्यायलाच हवं, तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने. माझ्या पहिल्या शेवटातली आरोग्यसेविका गप्प राहिली ती दयेने नव्हे. पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून. पण नाव घेतलं की हाकलावंच लागतं, हे खरं नाही. तो आपला नाही हे सगळ्यांना दिसतं, आणि तो त्याच्या जागेवर उभा आहे हेही दिसतं. मग कोणीतरी स्वतःचा वडापाव पुढे करतं. मी तीन दिवसांत तिसरा शेवट लिहिला आणि मग संपादकबाईंना फोन लावला. पाठवून देऊन गप्प बसणं सोपं होतं. तसं केलं नाही.

"तू फोन केलास?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुझ्या फोनला फक्त इनकमिंग आहे."

"शेवट बदललाय. ती नाव घेते. पण तो गावातच राहतो."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलंत तसा लिहून पाहिला. चांगला झाला, पण चुकीचा आहे. त्याने कोणाचं काही केलेलं नाही. काठ्या आणल्या तर भीती संपते. तो रोज समोर बसून जाळी विणत राहिला तर संपत नाही, आणि लोकांना त्याच्यासोबत राहायला शिकावं लागतं. मला हे पुस्तक हवंय."

एरवी मी लगेच पुढे "बरं" टाकलं असतं. या वेळी त्यांना बोलू दिलं.

"आणि दुकानदार विचारेल, कुठल्या कप्प्यात ठेवू. त्याला काय सांगू?"

"जिथे जागा असेल तिथे ठेवायला सांगा."

"पाठव," त्या म्हणाल्या. "वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही. आणि ते समुद्राच्या पाण्याचं शास्त्र समजावणारं प्रकरण निम्मं कर. झोप येते."

ते मी आनंदाने निम्मं केलं. त्यांचं बरोबर होतं.

आठवड्याने त्यांचा मेसेज आला. 'छपाईला देते आहे. एक शंका. समुद्रातून आलेल्या तुझ्या माणसाला तिखट चालतं का?' मी विचार करून एक वाक्य वाढवलं: म्हातारा वडापावातली मिरची अलगद काढून कागदावर बाजूला ठेवतो, आणि समोरची दोन पोरं ते बघतात. पुस्तकातली सगळी भीती आता त्या मिरचीत आहे. वाचलेल्यांपैकी बरेच जण मला तिच्याबद्दलच विचारतात.

पुस्तक घरी आलं तेव्हा पप्पांनी ते चष्मा लावून, पेपर वाचतात तसं, रोज थोडं थोडं वाचलं. शेवटचं पान झाल्यावर माझ्या खोलीच्या दारात आले.

"मिरची काढली नव्हती त्यानं," ते म्हणाले. "उलट माझ्याकडं अजून एक मागितली."

"तो तुमचा माणूस, पप्पा," मी म्हटलं. "हा माझा आहे."

त्यांनी मान हलवली, आणि पुस्तक शोकेसमध्ये, कंपनीने दिलेल्या सुरक्षा सप्ताहाच्या ढालीशेजारी, उभं करून ठेवलं.