मातीच्या गड्याला आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कुठं असायला हवं होतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी तिथं नव्हते. जऊळक्याजवळच्या आमच्या गावी बाबा बैल धुऊन माझी वाट पाहत होते आणि मी वाशिमात एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत, साड्यांच्या खोक्यांमध्ये, वीस बाजूंचा फासा हातात खुळखुळवत बसले होते. बसले होते हेही खोटंच. सारखी उठत होते, खिडकीतून रस्ता बघत होते, परत टेकत होते.

दुकान ज्याचं तो आमचा मित्र, आणि खेळ चालवणाराही तोच. खेळ गोष्टीचा. समोर काय आहे ते तो सांगतो, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आकडा मोठा तर जमलं. तिसरी आमच्यातली वकीलबाई. ती मंगरूळपीरहून दर रविवारी बसनं यायची. आमचा हा उद्योग काही वर्षं बिनबोभाट चालला होता. घरी मी क्लासचं काम आहे म्हणून सांगायचे, कारण पस्तिशीतली मास्तरीण रविवारी जादूगारीण होते हे आईला समजावणं माझ्यानं झालं नसतं.

त्या दिवशी मात्र सगळंच टांगणीला लागलं होतं. मित्र बायकोपोरांसह पुण्याला चालला होता, कायमचा. सासऱ्यांच्या धंद्यात. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की खेळात आमची पात्रं ज्या तळघरात अडकली होती तिथून आज जिवंत निघाली तर रविवारी फोनवर खेळ पुढं चालू राहील. मेली, तर खेळाची पेटी कायमची बंद. अर्धवट काही ठेवायचं नाही ही त्यांच्या घरची शिस्त होती. त्यांच्या दुकानाचं शटरसुद्धा मी कधी अर्धं खाली पाहिलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता. आठवडाभर मी पोरांचं गणित आणि आईची औषधं सांभाळते आणि लोकांचा 'लग्न कवा' हा प्रश्न ऐकते. रविवारी तीन तास मला कोणी काही विचारत नाही. ते तीन तास हा माणूस फाशाच्या हवाली करून चालला होता.

मागून जिन्यानं भुतं येत होती आणि तळघराच्या दारात उभा होता मातीचा गडी. इंग्रजी पुस्तकात त्याला गोलेम म्हणतात. जादूगारानं मातीचा पुतळा घडवून त्यात हुकूम भरलेला असतो, आणि तो तेवढाच हुकूम पाळत राहतो. मालक कधीच मरून गेलेला, पण 'कोणाला बाहेर सोडू नको' हा त्याचा हुकूम शाबूत. मालकाचा ताईत आम्ही मिळवला होता. ताईत हातात असला की गडी ऐकून घेतो. ऐकलेलं मानेल की नाही, ती गोष्ट वेगळी.

वकीलबाईनं आधी कोर्टातल्यासारखं बजावून पाहिलं की मालक मयत आहे, तेव्हा हुकूम रद्द समजावा. फासा पडला चार. गड्यानं तिच्या पात्राला भिंतीवर आदळलं. मग मी 'बाजूला हो' म्हणून ओरडले. सात. माझी जादूगारीण गुडघ्यावर आली. फासा पडायच्या आत मी पुढचा हुकूम सोडत होते. वकीलबाई म्हणाली, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. तिचंही काही चुकलं नव्हतं.

मित्र शांतपणे म्हणाला, "त्याले हुकूम पयलाच भेटेल आहे. तुमी त्याच्यावर हुकूमच देऊन राह्यले."

एवढ्यात फोन वाजला. बाबांचा तिसरा. मी उचलला आणि निघालेच म्हणून थाप मारली. बाबांना ती कळली असावी. उन्हं उतरली, आता थांबता येत नाही, एवढंच ते म्हणाले. फोन बंद करायला मात्र विसरले. मला बादलीचा आवाज आला, मग बैलाच्या गळ्यातली घंटी. बाबा पळसाच्या पानानं खांद्याला हळद-तूप चोळत असणार. ताट दरवर्षी मी धरते. यंदा कोणी धरलं होतं कोण जाणे. मग बाबा हळू आवाजात बोलले. माणसांशी ते इतक्या हळू कधी बोलत नाहीत.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मला रडूच आलं. फोन ठेवला आणि तशीच खोलीच्या मधोमध उभी राहिले. खेळ सोडून बस धरावी की काय, काही सुचेना. मित्रानं विचारलं, तुझी पाळी आहे, काय करतेस. मी म्हटलं, माझी जादूगारीण ताईत खाली ठेवते. हळद तिच्याकडं नाही, म्हणून नुसताच हात त्याच्या खांद्यावर फिरवते आणि म्हणते, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.

मी फासा उचलला. मित्रानं माझ्या हातावर हात ठेवला. पोळ्याच्या आधी झुली आणि गोंडे विकत त्याचं सगळं लहानपण खालच्या गल्ल्यावर गेलं होतं. त्याच्या घरी बैल कधीच नव्हता, पण आवतण म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही.

"याले फासा नाही लागत," तो म्हणाला. "बसला तो."

वकीलबाई लगेच सरसावली. गडी आपला झाला ना, मग त्याच्याकडून बाहेरचा दरवाजा फोडून घेऊ, मागून भुतं येऊन राहिलीत. मित्रानं मान हलवली. आवतण दिलेल्याला जुपता येत नाही, उद्या त्याचा सण आहे. मग असा ताबा काय चाटायचा, असं ती वैतागून म्हणाली. त्यावर दोघं भांडत बसले आणि मी चपला शोधत होते, कारण शेवटची बस सुटायची होती. आम्ही जिवंतही नव्हतो आणि मेलोही नव्हतो. भुतं जिन्यावर, गडी दारात बसलेला. मित्रानं पेटीचं झाकण उचललं आणि न लावताच बाजूला ठेवलं.

मी गावी पोचले तेव्हा बैलांची खांद हळद-तुपानं शेकून झाली होती. बाबा रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी बैलांपुढं पुरणपोळी मी ठेवली. मित्र त्याच आठवड्यात गेला. दुकानावर आता त्याचा भाऊ बसतो. पुढच्या रविवारी दुपारी मी विनाकारण घर झाडत होते, फोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवत होते. तीन वाजून गेले तरी काही नाही. पेटी बंद झाली, असं मी मनाशी धरून चालले. मग फोन वाजला, व्हिडिओ कॉल. पलीकडं पुण्याचं कसलंसं पांढरं स्वयंपाकघर दिसत होतं आणि ओट्यावर आमची उघडी पेटी. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"पाव्हणा कवाचा बसून आहे," तो म्हणाला. "जेवाले कोण वाढून राह्यलं?"