चौदा किलो

वजनाच्या अंदाजात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात बाबा भाजी विकायचे आणि त्यांचा तराजू थांबायच्या आत मी आकडा सांगायची. पुढे नर्स झाले, तरी ती मिजास गेली नाही.

दवाखान्यात लहान मुलांसाठी रंगीत पट्टी आली, तेव्हा तर मला हसूच आलं. मूल आडवं निजवायचं, पट्टीचं एक टोक डोक्याशी ठेवायचं आणि टाच ज्या रंगावर येईल तिथे छापलेलं वजन, औषधाचं माप वाचायचं. माझे हात असताना हे नखरे कशाला, म्हणत मी ती घडी करून कपाटात टाकली.

थंडीतल्या एका सकाळी एक बाई झटके येत असलेली तीन वर्षांची पोर घेऊन धावत आली. "सिस्टर, हिले पाहा ना! डोळे फिरवून राह्यली!" मी पोरीला शालीसकट उचलून टेबलावर ठेवलं. डॉक्टर आदिलाबादला मीटिंगला गेले होते. फोनवर त्यांनी वजन विचारलं.

"चौदा किलो, सर."

"पट्टी लावली ना?"

"लावली."

इतक्या सहज खोटं बोलले मी. त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन दिलं. झटके थांबले आणि थोड्या वेळाने श्वासही मंदावला. घाबरून शाल सोडली. आत दोन स्वेटर, कानटोपी, आणखी एक फडकं. या सगळ्यातून निघाली मूठभर पोर. तोंडावर मास्क धरून मी हवेची पिशवी दाबत राहिले. किती वेळ, ते आठवत नाही. आई पायाशी बसून माझ्याकडे देवाकडे पाहावं तशी पाहत होती.

पोरगी आपणहून नीट श्वास घेऊ लागली. आई पाणी आणायला गेली, तेव्हा मी चोरासारखी पट्टी काढून लावली. नऊ किलो.

डॉक्टर परतल्यावर म्हणाले, "काही मुलांना हे औषध जड जातं." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी ती बाई तुरीच्या शेंगा घेऊन आली. रांगेतल्या बायांना म्हणाली, "याच सिस्टरनं वाचवली माही पोरगी." आणि पोरीला माझ्या हातात दिलं. "सांगा ना, आता किती भरली? तुमाले हातानंच समजते म्हने."

पोरीला बाकावर निजवून मी पट्टी पसरली. कसंबसं म्हणाले, "हातानं नाही समजत, बाई. मले त्या दिवशीबी नव्हतं समजलं. औषध जास्त झालं होतं."

ती हसली. "पाहा, मोठेपना घ्यायलेबी तयार नाही," असं शेजारणीला सांगून तिने शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या.

मी त्या घेतल्या.